बीपी १५४/९८ : आधी वजन उतरवू की आधी 'बसणं' बंद करू?

केळीबाग_रावेर
रामराम मंडळी. वय ४७, उंची पाच फूट सात, वजन ९६. कृषी केंद्राचं दुकान आहे, दिवसभर काउंटरवर बसून काम. दुकानाशेजारी तपासणी शिबिर लागलं होतं, गंमत म्हणून हात पुढे केला तर १५४/९८ निघालं. आठवडाभराने गावातल्या डॉक्टरांकडे परत मोजलं, तेवढंच. त्यांनी सकाळची एक गोळी लिहून दिली, म्हणाले "वजन कमी करा, दारू कमी करा" आणि बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.
आता माझं असं आहे की बुधवार आणि शनिवार मित्रांसोबत बसतो. एक क्वार्टर, कधी लग्नसराईत थोडं जास्त. रोजचा पिणारा नाही. वडिलांना ६१ व्या वर्षी लकवा मारला होता, डावी बाजू गेली, तेव्हापासून घरात बीपीचं नाव निघालं की आईचा चेहरा उतरतो. दोन्ही गोष्टी एकदम सोडणं मला जमणार नाही हे मी मला ओळखून सांगतो. म्हणून सरळ प्रश्न, एकच निवडायची तर कोणती? वजन की दारू? उपदेश नको, अनुभव पाहिजे.

भुसावळ_जंक्शन
आधी चखणा सोडा. दारू एकटी पडली की आपोआप निघून जाईल.

आप्पा_धुळे
काही सोडू नका भाऊ. माझे आजोबा रोज संध्याकाळी घ्यायचे, ८५ वर्षं जगले, शेवटपर्यंत सायकलवर शेतात. आणि माझं स्वतःचं सांगतो, घरी मशीन आहे, दोन पेग झाल्यावर मोजलं तर बीपी १२६ आणि न पिता मोजलं तर १४० च्या वर. म्हणजे दारूने बीपी उतरतं हा माझा घरचा प्रयोग आहे. डॉक्टर लोक काही पण सांगतात.

तापीकाठ
आप्पांच्या आजोबांनी सायकल चालवली ते आप्पा विसरले, फक्त ग्लास लक्षात ठेवला 😄

सातपुडा
केळीबाग भाऊ, 'अनुभव पाहिजे' म्हणालात म्हणून लिहितो. मी धडगाव भागात शिक्षक आहे. इकडे वजनाचा प्रश्न सहसा नाही, माणसं काटक, डोंगर चढणारी. तरी आरोग्य शिबिरात बीपी जास्त निघालेली सडपातळ माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातले बरेच रोज घेणारे. आता लगेच कुणीतरी 'आदिवासी पितातच' म्हणेल म्हणून आधीच सांगून ठेवतो, मोहाची दारू इकडे देवाला, लग्नाला, पाहुण्याला असते, ती एक गोष्ट झाली. रोजंदारीवरून येताना ठेक्यावरची क्वार्टर ही दुसरी गोष्ट, आणि ती तुमच्या शहाद्यात नि जळगावातही तेवढीच आहे. सांगायचा मुद्दा, बारीक असलं की सुटलो असं नाही.

खापरावरची
आणि माझ्या आईने आयुष्यात थेंब घेतला नाही, तरी बीपी १७० च्या वर असायचं. वजन मात्र होतं, पोटावर. या धाग्यावर सगळे पुरुष आहेत म्हणून बाटलीभोवतीच फिरताय. आमच्याकडे बायकांचं वजन म्हणजे 'खात्यापित्या घरची' म्हणून कौतुक, पापड-लोणच्याशिवाय घास उतरत नाही, उन्हाळ्यात बिबडे-पापड करायचे ते वर्षभर तळून खायचे आणि शेवभाजीत शेव पण खारट आणि रस्सा पण खारट. केळीबाग भाऊ, घरी वहिनींचं बीपी मोजलंत का?

केळीबाग_रावेर
@खापरावरची ताई, नाही मोजलं. शिबिरात फक्त पुरुषच रांगेत होतो खरं.

ओपीडीवाली
मी फिजिशियन आहे, जळगाव जिल्ह्यातच. सहसा वाचून जाते पण आप्पांच्या 'घरच्या प्रयोगा'ला उत्तर दिलं नाही तर झोप लागायची नाही.

आप्पा, तुमचं मशीन खोटं बोलत नाहीये. दारू घेतल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि पहिले काही तास बीपी खरंच कमी दिसतं. जास्त प्रमाण असेल तर जवळपास बारा तास. नाडी मात्र वाढलेली असते, ती पण मशीनवर दिसते, तुम्ही बघितली नसेल. त्यानंतर उलटं होतं, बारा-तेरा तासांनी बीपी नेहमीपेक्षा वर चढतं. म्हणजे रात्री नऊला घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे. आणि जे १४० न पिता दिसतं म्हणता ते बहुतेक आदल्या रात्रीचंच असतं. रोज घेणाऱ्याचं तर 'न पिता' असं काही उरतच नाही. खरं बघायचं तर तीन-चार आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि मग मोजा.

आता क्वार्टरचा हिशोब. इकडे पेशंट मला 'एकच क्वार्टर हो मॅडम' असं सांगतात, जसा एक कप चहा. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. क्वार्टर १८० मिली, म्हणजे सहा पेग, ६० ग्रॅम, एका बसणुकीत. एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याच्या पुढे गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला जडच पिणं धरते. तेव्हा भाऊ, आठवड्यातून दोनदा असलं तरी ते 'थोडंसं' या खात्यात बसत नाही. आणि स्ट्राँग बिअरवाले हसू नका, ६५० मिलीची ८ टक्केवाली बाटली ४० ग्रॅमच्या वर जाते, चार पेग झाले ते. वजनाचं नंतर लिहिते, ओपीडी सुरू झाली.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे मी मे महिन्यात 'थंडाव्यासाठी' दोन स्ट्राँग घेतो ते आठ पेग होतात? काय सांगता. ४५ डिग्रीत माणसाने जगायचं कसं.

तापीकाठ
ताक पिऊन. आणि बिअरने थंडावा येत नाही, लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी जातं. त्यात बीपीच्या काही गोळ्या पण लघवीवाटे पाणी काढणाऱ्या असतात. आमच्या शेजारचे एक जण अशाच उन्हात हळदीच्या कार्यक्रमात चक्कर येऊन पडले, सगळ्यांना वाटलं चढली. बीपी एकदम खाली गेलेलं निघालं.

पुणेकर_जावई
सासुरवाडी अमळनेर म्हणून या ग्रुपवर आहे, चालेल ना. एक विचारू का, रेड वाइन तर हृदयाला चांगली असं सगळीकडे वाचतो. रोज एक ग्लास घेणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असे अभ्यास आहेत.

आप्पा_धुळे
बघा! जावई शहाणे निघाले.

ओपीडीवाली
जावईबापू, ते अभ्यास होते, आणि त्यांची गोम पण सापडलेली आहे. 'न पिणारे' म्हणून जो गट धरला त्यात आजारी पडल्यामुळे सोडलेले जुने पिणारे पण होते. त्यांच्यामुळे न पिणारा गट आजारी दिसला आणि थोडं पिणारे ठणठणीत दिसले. त्यात थोडं पिणारे बऱ्याचदा पैसेवाले, चालणारे, डॉक्टरकडे वेळेत जाणारे.
२०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात चीनमधला मोठा अभ्यास आला, पाच लाखांच्या वर माणसं. पूर्व आशियात बऱ्याच लोकांमध्ये एक जनुक असा असतो की दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, त्यामुळे ती माणसं आपोआप कमी पितात. म्हणजे कोण किती पिणार हे जन्मापासूनच बरंचसं ठरलेलं, आजारपणामुळे सोडल्याचा घोळ त्यात नाही. तसं मोजल्यावर 'थोडी चांगली' हा फायदा स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या, बाबतीत गायब झाला. जेवढी जास्त दारू तेवढं बीपी वर आणि तेवढा स्ट्रोक जास्त, मेंदूत रक्तस्राव होणारा तर आणखीच.

आप्पा_धुळे
चिनी लोकांचा जनुक, आपला काय संबंध? आपलं पाणी वेगळं, माती वेगळी, आपण दादर ज्वारीची भाकर खाणारे.

ओपीडीवाली
जनुक फक्त गट पाडायला वापरला आप्पा. दारू धमनीत जाऊन काय करते ते रावेरात आणि चीनमध्ये सारखंच. भाकरीने मात्र मदत होते, तिच्याबरोबर काय खाता त्यावर.

खानदेशी_बिऱ्हाड
विषयांतर. दारू प्यायला महाराष्ट्रात कायद्याने परवाना लागतो हे किती जणांना माहीत आहे? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे परवाने मिळतात. केळीबाग भाऊंनी परवाना काढलाय का 😄

भुसावळ_जंक्शन
आजीवन परवाना म्हणजे नक्की कोणाच्या जीवनापर्यंत, आधीच्या की नंतरच्या?

सातपुडा
नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे. तिकडून येणारे पाहुणे गुजरातच्या बाजूला उतरतात आणि पाच मिनिटांत राज्य बदलून तहान भागवतात. बाकावर बसल्या बसल्या दारूबंदीत असायचं की नाही ते निवडता येतं.

तापीकाठ
बीपीचं बोला रे कोणीतरी.

खापरावरची
मी बोलते. आईचं वर लिहिलं ते अर्धंच लिहिलं होतं. सकाळी भाकरी थापताना तिच्या हातातून पीठ सुटायला लागलं, बोलणं जड झालं, तोंड एका बाजूला गेलं. गल्लीतले म्हणाले वारं गेलंय, एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एकाने एका बाबाचं नाव सांगितलं जिथे लकव्याची मालिश होते. मामा तिला खरंच तिकडे घेऊन गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. आई वाचली, पण उजवा हात आजही वेणी घालत नाही. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. बाबाकडे नंतर जा, काय घाई आहे त्याला.

केळीबाग_रावेर
ताई, आमच्या वडिलांनाही आधी मालिशवाल्याकडेच नेलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की लकवा म्हणजे नसांचा काहीतरी प्रकार.

ओपीडीवाली
ताईंनी लिहिलंय ते प्रिंट काढून पंचायतीच्या फळ्यावर लावावं असं आहे. लकवा मेंदूतच होतो, हातपाय फक्त दाखवतात. दहातले साधारण आठ गुठळीने होतात, उरलेले रक्तवाहिनी फुटून. दोघांच्याही मुळाशी सगळ्यात जास्त वेळा बीपीच. २०१६ मध्ये ३२ देशांतल्या पाहणीत, भारत पण होता त्यात, बदलता येण्याजोगी दहा कारणं मिळून स्ट्रोकचा नव्वदेक टक्के भार निघाला, त्यात एकट्या बीपीचा वाटा जवळपास निम्मा. पोटाचा घेर आणि दारू दोन्ही त्या दहात आहेत.
दारूची आणखी एक वाट आहे जी बीपीच्या मशीनवर सहज कळत नाही. एका रात्री भरपूर घेतली की दुसऱ्या दिवशी काहींचे ठोके अनियमित होतात, हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, रक्त तिथे साचून गुठळी बनते आणि ती सुटून मेंदूत जाते. लग्नसराई आणि थर्टी फर्स्टनंतर असे पेशंट येतात. छातीत फडफड, ठोके चुकल्यासारखे वाटले तर ईसीजी काढून घ्या.

सुटलो_एकदाचा
वाचत होतो, आता लिहावंच लागेल. भाऊ तुम्ही आठवड्यातून दोनदा घेता म्हणून तुम्हाला हे लागू नाही, पण इथे रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेणारे पण वाचत असतील. त्यांनी हा धागा वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. मी केलं होतं. दुसऱ्या दिवशी हात थरथर, घामाने अंथरूण ओलं, बीपी १८० च्या पुढे, तिसऱ्या दिवशी फिट आली, भिंतीवर माणसं दिसायला लागली. घरच्यांना वाटलं भूतबाधा. डॉक्टरने नंतर सांगितलं की अशा सवयीच्या माणसाने सोडताना औषधाखाली सोडायची असते, काही जणांना भरती व्हावं लागतं. आता बरं आहे, बीपीची गोळी आधी दोन होत्या, डॉक्टरनेच एकीवर आणली. वजन मात्र पहिल्या वर्षी वाढलं, कारण संध्याकाळी काय करू कळेना म्हणून गोड खात बसायचो, पेढे, जिलेबी काही पण. ते नंतर निस्तरलं.

आप्पा_धुळे
हे तुम्ही बरं सांगितलं. माझा साडू असाच आहे, त्याला पाठवतो हे.

खानदेशी_बिऱ्हाड
आप्पा बदलले की काय!

आप्पा_धुळे
साडूसाठी म्हणालो.

वहिनीसाहेब_चोपडा
नवऱ्याच्या नावाने नाही, माझ्या नावाने आयडी काढलाय म्हणून मोकळं लिहिते. आमचे हे ज्या रात्री घेऊन येतात त्या रात्री असं घोरतात की मधेच श्वास थांबतो, मी हलवून उठवते. वजन १०२. सकाळी डोकं जड, दुकानात बसून पेंगतात. याचा बीपीशी काही संबंध असतो का?

ओपीडीवाली
वहिनी, संबंध आहे, आणि इथेच दारू आणि वजन एकत्र येतात. मानेभोवती चरबी असली की झोपेत घसा अरुंद होतो, दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, श्वास अडतो, प्राणवायू कमी होतो, शरीर दचकून ताण वाढवतं, असं रात्रभर. सकाळी बीपी वर आणि दोन-तीन गोळ्या देऊनही न उतरणारं. त्यांची झोपेची तपासणी करून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी होते, काही ठिकाणी मशीन घरी पण देतात.

आता वजनाचं राहिलं होतं. पोटाची चरबी किडनीला मीठ धरून ठेवायला लावते, ताणाच्या नसा जाग्या ठेवते, त्यामुळे बीपी वाढतं. ढोबळ मानाने एक किलो उतरलं की वरचा आकडा एकाने उतरतो. आणि भारतीयांसाठी माप कडक आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठ. केळीबाग भाऊंचा ३३ येतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे टेप घ्या, पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८० च्या आत.

पाटील_पाचोरा
आमच्या आत्याबाई (आहिराणी शिवाय बोलत नाहीत) हे सगळं ऐकून म्हणाल्या, "पहिले पेवानं बंद कर, मंग बाकीनं देखू." मी म्हटलं आत्या, तुम्हाला ओपीडीत बसवतो.

ओपीडीवाली
तुमच्या आत्याबाईंचं आणि माझं मत एकच आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येते.
केळीबाग भाऊ, तुम्ही एकच निवडायला सांगितलंत. मी दारू निवडेन. कारण फार तात्त्विक नाही. दहा किलो उतरायला तुम्हाला वर्ष लागेल आणि मधे तुम्ही कंटाळाल. दारू बंद केल्याचा फरक बीपीवर तीन-चार आठवड्यांत दिसतो, मशीनवर स्वतःला दिसतो, मग पुढचं करायला हुरूप येतो. दुसरं, तुमची क्वार्टर एकटी येत नाही. एक ग्रॅम अल्कोहोल ७ कॅलरी, म्हणजे क्वार्टरच्या चारशेच्या वर, दोन भाकरींएवढं. शरीर आधी दारू जाळतं आणि त्या वेळेत खाल्लेली चरबी साठवून ठेवतं, आणि त्या वेळेत तुम्ही काय खाता, तर तळलेले शेंगदाणे, खारी शेव, मटण, वर तेलाचा तवंग. म्हणून दारू निवडली की वजनाचा निम्मा प्रश्न सोबत हलतो. उलट बाजूने तसं होत नाही, वजन उतरवणारे बुधवारची क्वार्टर तशीच ठेवतात आणि रविवारी मला विचारतात बीपी का उतरत नाही.
पूर्ण बंद जमत नसेल तर निदान निम्मी करा, जास्त पिणाऱ्याने निम्मी केली तरी बीपी उतरल्याचं दिसलेलं आहे. पण 'शनिवारचं बुधवारचं एकत्र करून महिन्याच्या शेवटी' हा हिशोब नको. आणि काहीही केलं तरी गोळी स्वतःहून थांबवू नका. पिणार त्या दिवशी गोळी चुकवायची असं बरेच जण करतात, ते पण नको. त्या दिवशी पिणं चुकवा.

भुसावळ_जंक्शन
भरीत पार्टीचं काय करायचं मॅडम? डिसेंबर तोंडावर आहे.

ओपीडीवाली
भरीताने काय घोडं मारलंय. बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. तेल हात राखून, मीठ चवीपुरतं, दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. मला पण बोलवा, मी येईन. बाटली मात्र शेताच्या बांधापलीकडे.

पुणेकर_जावई
मॅडम, अमळनेरला पण येणार का?

केळीबाग_रावेर
सगळ्यांचे आभार, उपदेश नको म्हणालो होतो पण हा चालला. बुधवारची बैठक बंद केली, मित्रांना सांगितलं बीपी आहे, त्यातल्या दोघांनी लगेच स्वतःचा आकडा सांगितला, माझ्यापेक्षा जास्त. शनिवारचं अजून ठरत नाहीये, खोटं कशाला बोलू. बायकोचं मोजलं, १४६/९०, तिला आता माझ्यापेक्षा जास्त काळजी लागलीय आणि शेवेचा डबा वरच्या फळीवर गेलाय.
एक विचारायचं राहिलं. घरी मशीन घेतोय, ऑनलाइन दोन हजाराच्या आत मिळतंय. माझा दंड जाड आहे, दुकानदार म्हणतो पट्टा सगळ्यांना सारखाच. खरं का?

ओपीडीवाली
नाही. दंडाचा घेर टेपने मोजा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटाच जास्त येतो. नेहमीचा पट्टा बहुतेक कंपन्यांचा ३२ सेंटिमीटरपर्यंत चालतो, तुमचा त्याच्या पुढे असेल तर मोठा पट्टा मागा, वेगळा विकत मिळतो. मनगटावरचं मशीन घेऊ नका. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, आणि बोलायचं नाही.

केळीबाग_रावेर
३६ भरला. मोठा मागवतो. वहिनीसाहेब, तुमच्या मालकांचा पण मोजून घ्या, एकत्र मागवले तर कुरिअर एकच लागेल.

वहिनीसाहेब_चोपडा
ते झोपलेत, झोपेतच मोजते. ३८.